अण्णांची निळी वही

“पंखा बंद कर,” आई म्हणाली. त्या पहाटे तिच्या तोंडून निघालेले पहिले शब्द हेच. ९ जानेवारी २०२५, गुरुवार, पावणेसहा वाजले होते. डासांसाठी एकवर ठेवलेला पंखा मी बंद केला. मग तिने कॅलेंडरमागची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टपोरं अक्षर: “डोळे द्यायचे आहेत. पंखा बंद करणे. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवणे. डोक्याखाली दोन उशा. सहा तासांच्या आत.” त्याखाली नेत्रपेढीचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी, “घाबरू नये.”

नेत्रपेढीची माणसं सव्वासातला आली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा तेवढा काढतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. वीस मिनिटं लागली. नंतर चेहरा पाहिला तर काहीच बदललेलं नव्हतं, झोपल्यासारखेच दिसत होते. अण्णांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, शिवाय पंधरा वर्षांचा मधुमेह. असे डोळे चालत नाहीत, अशी माझी समजूत होती. चालतात. पैसेही लागत नाहीत. घरात कुणाची इच्छा असेल तर नंबर आधीच भिंतीवर लावून ठेवा. त्या वेळी फोनमध्ये शोधायला हात चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुत्रदा एकादशी होती. अण्णांनी आयुष्यभर एकही एकादशी मोडली नाही. बुधवारी संध्याकाळी मधुमेहाचं कारण काढून मी त्यांच्याशी वाद घातला होता, की शुक्रवारी उपास करायचा नाही. ते फक्त हसले होते. तो वाद तसाच राहिला.

घरी मृत्यू झाला की आधी डॉक्टरांचा दाखला लागतो. आमचे नेहमीचे डॉक्टर आठपर्यंत येऊन गेले आणि मृत्यूचं कारण लिहून दिलं. तो दाखला, अण्णांचं आणि माझं आधार कार्ड घेऊन धाकटा भाऊ महापालिकेचा मृत्यू पास काढायला गेला. पास असल्याशिवाय पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यविधी होत नाही. तिथेच नोंदणीचा फॉर्म भरून घेतला. हा फॉर्म घाईत भरू नका, ही माझी पहिली कळकळीची विनंती. नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर मराठी आणि इंग्रजीत जुळवून लिहा. आमच्या फॉर्मात आजोबांच्या नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर पडलं आणि त्या एका अक्षराने पुढे चार महिने खाल्ले.

राख नदीत सोडायची नाही, हे अण्णांनी सांगून ठेवलं होतं. दर महिन्याच्या वद्य एकादशीला ते पीएमपीच्या बसने आळंदीला जायचे. इंद्रायणीवरचा फेस बघून परत आले की दोन दिवस गप्प असायचे. मामांच्या पुरंदरातल्या शेतात कडुलिंबाच्या मुळाशी आम्ही ती घातली. ओंकारेश्वरावर दशक्रिया झाली, तेराव्याला त्यांच्या भजनी मंडळाने रात्री अकरापर्यंत भजन केलं.

त्यानंतर माणसं पांगली आणि मी एकटी पत्र्याची पेटी उघडून बसले.

अण्णा १९६७ साली पोस्टात लागले. २००६ साली निवृत्त झाले, त्यातली शेवटची वर्षं लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टात गेली. पेटीत सगळं दोरीने बांधून वेगवेगळं: पेन्शनचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पासबुकं. तळाशी एक लांबट निळी वही होती, जुन्या हजेरीपटासारखी. ती मी बाजूला ठेवली. त्या दिवशी मला फक्त कामाचे कागद हवे होते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. उशीर होत गेला की आधी विलंबशुल्क, मग वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असं ते वाढत जातं. आमची नोंद वेळेत झाली होती, दाखला २४ जानेवारीला हातात आला. मी दहा प्रती घेतल्या. भावाला ते जास्त वाटलं, पण आठ लागल्या.

सुरुवात कुटुंब निवृत्तिवेतनापासून केली, कारण आईचं घर त्यावर चालणार होतं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसाच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, बहुतेक वेळा पत्नीचं नाव आधीच असतं आणि खातं दोघांचं असेल तर काम सोपं होतं: अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्र. अण्णांनी खातं दोघांच्या नावावर ठेवलं होतं. रक्कम मात्र कमी होते. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन होती, आईला ३० टक्के. घरखर्चाचं गणित पहिल्याच महिन्यात नव्याने मांडा.

आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. बँकेला कळवेपर्यंत जानेवारीची पूर्ण पेन्शन खात्यात जमा झाली. ती हयातीच्या दिवसांपुरतीच आपली असते, पुढची परत वळती होते. ते पैसे काढू नका, नाहीतर नंतर भरताना ओढाताण होते.

बँकेची शाखा कुठली ते लिहीत नाही. ३ फेब्रुवारीला अर्ज दिला. २० तारखेला चौकशी केली तेव्हा कळलं, अर्ज सापडत नाही. पोच घेतली नव्हती, ती माझी चूक. पुन्हा अर्ज दिला. मग दाखल्यावरचं नाव आणि पीपीओवरचं नाव जुळत नाही म्हणून तो परत आला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. १०० रुपयांचा स्टँप पेपर आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. शिवाय नोटरीचे २५०. या सगळ्या फेऱ्यांत आई माझ्यासोबत होती. एका फॉर्मात ‘अर्जदाराचे मृत व्यक्तीशी नाते’ असा रकाना होता. तिने पेन घेतलं, ‘पत्नी’ लिहिलं आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली. काउंटरपलीकडचा मुलगा “आजी, पुढे सही” म्हणाला. आवाज चांगला होता त्याचा, तरी आईचा हात थरथरला.

लग्नाला ५२ वर्षं झाली होती. त्या ५२ वर्षांत सकाळचा पहिला चहा अण्णांनीच केला. आधी आईचा चहा, मग आंघोळ, मग देवपूजा. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, देवाच्या आधी बायकोचा चहा? अण्णा म्हणाले, “विठोबा थांबतो. तो अठ्ठावीस युगं उभाच आहे की.” आमच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री त्यांनीच करायची, ड्यूटी पहाटेची असली तर रात्री. आईचे गुडघे गेल्यावर ते साठीनंतर पोळ्या शिकले. पहिले काही महिने त्या पोळ्या पापडासारख्या होत्या आणि आई एकही शब्द न बोलता खायची. संध्याकाळी सातला हरिपाठ, दोघं शेजारी बसून. अण्णांच्या आवाजाला सूर नव्हता, पण ठेका पक्का होता.

त्यांच्याशिवाय ठेका चुकतो म्हणून आईने फेब्रुवारीत हरिपाठ बंद केला. मला ते कागदांच्या धबडग्यात कळलंही नाही.

कुटुंब निवृत्तिवेतन अखेर २९ मे रोजी फरकासह जमा झालं. पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या, प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो ठेवा. एवढं केलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

दुसरं मोठं काम पोस्टातल्या एका जुन्या खात्याचं होतं. बाकी सगळ्या ठिकाणी नॉमिनी म्हणून आईचं नाव. या एका खात्यावर मात्र त्यांच्या आईचं, म्हणजे आमच्या आजीचं. ती १९९८ साली गेली. शेकडो लोकांची नॉमिनेशनं स्वतःच्या हाताने भरणाऱ्या माणसाने आपलं हे एक का बदललं नाही, याचा मी विचार करत बसले. आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. “नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून उघडलेलं खातं. आईचं नाव खोडायचं त्यांच्या जिवावर आलं असणार,” ती म्हणाली.

नॉमिनी हयात नसेल तर खातं नॉमिनीविनाच धरलं जातं. पोस्टात अशा वेळी पाच लाखांपर्यंतची रक्कम कोर्टाच्या वारस प्रमाणपत्राशिवाय मिळू शकते, पण मृत्यूला सहा महिने व्हावे लागतात. प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांचं हक्क सोडल्याचं पत्र आणि हमीपत्र द्यावं लागतं. खिडकीवरच्या बाईंनी हे इतकं नीट समजावून सांगितलं की मी जाताना त्यांना अण्णांचं नाव सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा हिशेब ३०० रुपयांनी कमी आला होता आणि तो जुळेपर्यंत अण्णा रात्री नऊपर्यंत त्यांच्याबरोबर बसले होते, हे मला तिथे कळलं. घरी त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आजीचाही मृत्यूचा दाखला हवा होता. त्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत ग्रामसेवक बैठकीला गेलेले. दुसऱ्या फेरीत जुनं रजिस्टर निघालं आणि नोंद सापडली. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात अण्णांची सही होती. त्यांनी आजीचं नाव आधी पूर्ण, मग कंसात माहेरचं, वडिलांच्या नावासकट लिहिलं होतं. २७ वर्षांपूर्वी, आई गेल्याच्या दुःखातही, त्यांनी रकाना नीट भरला होता.

सहा महिने ९ जुलैला पूर्ण होणार होते. त्याआधी पालखी आली.

आमचं घर नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम त्या देवळात असतो; माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. आमच्या वाड्यात मराठवाड्यातली एक दिंडी पूर्वीपासून उतरायची. वाडा पडून इमारत झाली, तेव्हा अण्णांनी सोसायटीच्या पहिल्याच सभेत विषय काढला आणि दिंडी पार्किंगमध्ये उतरू लागली. दोन दिवस सगळ्यांनी गाड्या बाहेर लावायच्या. कुरकुर व्हायची, पण अण्णा आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन हात जोडून यायचे.

२०२५ ला पालखी २० जूनला येणार होती. १२ जूनला दिंडीच्या चालकांचा अण्णांच्या मोबाइलवर फोन आला. तो नंबर मी चालू ठेवला होता. (तो ठेवाच निदान वर्षभर. बँकेचे, आधारचे सगळे ओटीपी त्यावर येतात.) त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. पलीकडे शांतता, मग “राम कृष्ण हरी” एवढंच, आणि मग त्यांनीच विचारलं, “ताई, आम्ही औंदा दुसरीकडं सोय बघू का?” मी नको म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माणसं किती, पाणी किती, शिधा कुठून, मला काहीच ठाऊक नाही.

तेव्हा मी निळी वही उघडली.

१९७९ पासून प्रत्येक पालखीचं एक पान. किती माणसं उतरली, कुणाच्या पायाला फोड, कुणाला रक्तदाबाची गोळी, पीठ किती संपलं, टँकरवाल्याला किती दिले. प्रत्येक पानावर एक आकडा: ‘कार्डे’. १९८४ ला ६२. अण्णा पालखीच्या रात्री वाड्याच्या ओट्यावर पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसायचे, हे मला लहानपणचं आठवत होतं. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या घरी ते खुशाली कळवायचे. ‘पुण्यात सुखरूप पोचलो. पाय बरे आहेत. म्हशीला बघा.’ कार्डं स्वतःच्या पैशांनी. पुढे आकडा उतरत गेलेला. २०१२ ला, ‘कार्डे ९. सगळ्यांकडे मोबाइल. चार्जिंगचे बोर्ड आणणे.’ पुढच्या वर्षी, ‘बोर्ड ४, पिना २४. पुरल्या.’ २०२० आणि २०२१ ला करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या पानांवर फक्त, ‘आले नाहीत. दिंडीतील १५ घरी मनीऑर्डर.’ त्या मनीऑर्डरींबद्दल आईलाही ठाऊक नव्हतं.

वहीवरून यादी केली. भावाने टँकर सांगितला, सोसायटीतल्या सहा घरांनी भाकऱ्या घेतल्या, आईने पिठल्याचं बेसन स्वतः मोजून दिलं. सगळ्याचा खर्च १४,२०० झाला. त्यातले नऊ हजार वर्गणीतून आले.

दिंडीत ४६ माणसं होती. त्यांनी येताना अण्णांसाठी पटका आणला होता, तो फोटोला घातला. रात्री जेवणं झाल्यावर एक म्हाताऱ्या आजी माझ्याजवळ आल्या. “कार्ड लिवायचंय.” मी म्हटलं, आजी, फोन लावून देते. त्या म्हणाल्या, “फोन केला म्या. कार्ड न्यारं.” पेटीत कोरी कार्डं सापडली. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पुण्यात पोचले. पाऊस झाला का. नातीला शाळेत धाडा. संपलं असं वाटून मी पेन ठेवलं, तर त्यांनी बोटाने कार्डाचा कोपरा दाखवला. “खाली लिव, लिहिणार अण्णा. तसंच असतं दर साली.”

मी तसंच लिहिलं.

त्या रात्री पार्किंगमध्ये दिंडीचा हरिपाठ झाला आणि आई त्यांच्यात जाऊन बसली. रविवारी पहाटे दिंडी लोणी काळभोरच्या वाटेला लागली.

जुलैनंतरचं थोडक्यात सांगते. पोस्टाचा अर्ज ११ जुलैला दिला, पैसे १९ ऑगस्टला आईच्या खात्यात आले. सोसायटीत नॉमिनेशन होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटचं काम दोन सभांत झालं. गेलेल्या व्यक्तीचंही त्या आर्थिक वर्षाचं, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं, आयकर विवरणपत्र भरायचं असतं. त्यासाठी वारस म्हणून पोर्टलवर आधी नोंद करावी लागते आणि तिला काही दिवस लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो बाकी वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. भावंडांत हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात आईसमोर बसून बोललो आणि सगळं तिच्या नावावर करायचं ठरवलं. प्रवास सोडून एकूण खर्च सुमारे ३,१०० रुपये आला.

मला वाटलं, संपलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दारावर एक आजी आल्या, पलीकडच्या गल्लीतल्या. हातात पिशवी, पिशवीत पासबुक. “अण्णांची मुलगी ना तू? माझं हयातीचं राहिलंय.”

वहीच्या मागच्या बाजूला ते होतं. ‘हयातीचे दाखले’ असा मथळा आणि खाली अकरा नावं, सगळ्या एकट्या राहणाऱ्या बायका. नावापुढे पीपीओ नंबर, बँक, आणि वर्षांचे रकाने. दर नोव्हेंबरला पेन्शनरने हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. अण्णांनी दोघींच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘बोटांचे ठसे उमटत नाहीत, भांडी घासून गेले. चेहऱ्यावर करणे.’ मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढण्याचं ॲप ते ७७ व्या वर्षी शिकले होते.

मी दोन रविवार खर्च करून शिकले. खिडकीकडे तोंड करून बसवायचं, चष्मा काढायचा, पापणी मिटून उघडायला सांगायचं. ट्यूबलाइटखाली घेत नाही, दिवसाच्या उजेडात लगेच घेतं. अकरांपैकी दोघी वर्षभरात गेल्या होत्या. त्यांच्या नावांवर अण्णा काट मारत नसत, तारीख लिहून पुढे ‘राम कृष्ण हरी’ लिहीत. मीही तसंच लिहिलं. उरलेल्या नऊजणींचे दाखले १६ नोव्हेंबरपर्यंत झाले.

शेवटच्या आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. दाखला निघाल्यावर मी उठायला लागले तर त्यांनी हाताने खाली बसवलं. अण्णा चहा घेतल्याशिवाय जात नसत म्हणाल्या. त्या चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात मी वहीत त्यांच्या नावापुढे २०२५ चा रकाना भरला आणि त्याखाली दहावं नाव घातलं. आईचं.